मोटार बंद झाली आहे

माझी आत्या पोखर्णीच्या पलीकडच्या एका खेड्यात राहते. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा तिची मुलं शिकत होती. आता ती पुण्याला नोकरीत आहेत, आणि आत्या एकटीच घर, गाय-म्हैस आणि रान सांभाळते. रानात विहीर आहे. विहिरीशेजारच्या उंचवट्यावर सिमेंटचा हौद आहे. तो भरला की जनावरांचं पाणी होतं आणि भुईमुगाच्या ठिबकालाही तेच पाणी जातं. हौदाच्या खालच्या अंगाला धुरा, म्हणजे दोन रानांमधला बांध, आणि धुऱ्याच्या पलीकडे तिच्या धाकट्या दिराचं रान. त्यांना मी धाकटे मामा म्हणते.

त्या धुऱ्यावरून दोन घरांत बरीच वर्षं बोलणं नव्हतं. नांगरताना कुणी हातभर आत सरकलं, असं काहीतरी होतं. मामा असतानाच ते सुरू झालं होतं आणि मामा गेल्यावरही राहिलं. आत्याच्या मुलीच्या लग्नात धाकटे मामा स्वतःहून मांडवात येऊन उभे राहिले, अक्षता वाटल्या, पंगतीत वाढलं. तेव्हापासून जाणं-येणं पुन्हा सुरू झालं. आत्या म्हणायची, "तुटलेलं जोडलंय, आता जपून वापरायचं."

मी परभणीत एका लहानशा कारखान्यात काम करते. मोटारीच्या स्टार्टरला जोडायची एक पेटी आम्ही तयार करतो. पेटीत सिमकार्ड असतं. मोबाईलवर बटण दाबलं की पेटीला मेसेज जातो आणि विहिरीवरची मोटार सुरू होते. मिनिटं सांगितली की तेवढ्या मिनिटांनी बंदही होते. पेटीच्या आतलं सगळं माझे एक सहकारी बघतात. मोबाईलमधलं ॲप माझ्याकडे.

आत्याकडे पेटी बसवायची हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं. शेतातली लाईट कधी दिवसा, कधी रात्री. ती आली की आत्यानं चालत रानात जायचं, नाहीतर कुणाला तरी म्हणायचं, "जाता जाता जरा मोटार चालू करता का?" हे म्हणणं तिच्या जिवावर यायचं. शिवाय दरवेळी विचारायला जवळचं माणूस म्हणजे धाकटे मामाच.

आत्या जुनी सातवी आहे. पेपर वाचते, पोथी वाचते, खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचते. पण मराठी असेल तर. म्हणून ॲप मी मराठीत केलं. 'मोटार चालू करा.' 'किती मिनिटे?' 'मोटार बंद झाली आहे.' ही वाक्यं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तीच होती. मालक म्हणाले होते की एवढं मराठीचं कशाला, सगळे इंग्रजी बटणं दाबायला शिकलेत. मी हट्टानं केलं. त्याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते. आत्याच्या विहिरीवर पेटी बसवली आणि ती ॲप वापरायलाही लागली.

संक्रांतीला मी वाण घेऊन आत्याकडे गेले. जेवणं झाल्यावर ती फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"तुझं तेवढं मराठीत हाय. बाकीचं सगळं इंग्रजीत कामून?"

"ते फोनचं असतं, आत्या. बदलता येतं."

"मग बदल की. इतके दिवस सांगितलं न्हाईस."

मी सेटिंगमध्ये जाऊन अख्ख्या फोनचीच भाषा मराठी केली. एका क्षणात सगळं पालटलं. घड्याळाचे आकडेसुद्धा मराठी झाले. आत्यानं चष्मा सारखा केला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागली. 'ध्वनी', 'प्रदर्शन', 'संचयन'. मग 'विमान मोड' आलं.

"कुणाचं विमान मोडायचं गं?"

आम्ही दोघी एवढ्या हसलो की शेजारची जाऊ, म्हणजे धाकट्या मामी, काय झालं म्हणून डोकावून गेल्या. निघताना आत्यानं माझ्या पिशवीत तिळाची पोळी कोंबली आणि म्हणाली, "आता हा फोन माझा वाटायलाय."

फाल्गुनात सोनपेठला भावकीतलं लग्न होतं. आत्याच्या गल्लीतली सगळी माणसं गेली. कुणी एसटीनं, कुणी जीप करून. धाकट्या मामांची ज्वारी तेव्हा काढून झाली होती आणि कणसं मोडायची बाकी होती. सगळं पीक रानात आडवं पसरलेलं होतं. लग्नाहून आलो की मोडायला घेऊ, असा त्यांचा विचार.

त्या आठवड्यात शेतातली लाईट दिवसा होती. दुपारी मांडवात बसल्या बसल्या आत्याला हौद आठवला. सकाळच्या गडबडीत भरायचा राहिला होता. संक्रांतीपासून ती भुईमुगाच्या कामाला रोज रानातच असायची आणि मोटार हातानंच चालू-बंद करायची; फोनवरून लावायची वेळ त्यानंतर आलीच नव्हती. तिनं पिशवीतून फोन काढला. शेजारी बसलेल्या बायका बघायला लागल्या.

"इथून? सोनपेठातून?"

"व्हय. माझ्या भाचीनं केलंय हे."

चाळीस मिनिटं टाकली की हौद काठोकाठ भरतो, हे तिला सवयीनं ठाऊक होतं. तिनं चाळीस टाकले आणि बटण दाबलं. मोटार चालू झाल्याचं आलं. बायकांनी कौतुक केलं. पंगत उठल्यावर तिनं पुन्हा फोन काढून बघितला. 'मोटार बंद झाली आहे.' तिनं फोन पिशवीत ठेवला आणि नवरीच्या पाठवणीला गेली.

मोटार बंद झाली नव्हती. शेतातली लाईट जाईपर्यंत ती चालू राहिली. हौद भरला, वाहिला, पाणी उतारानं धुऱ्याकडे गेलं, आणि धुऱ्याला जिथं बैलगाडीची वाट होती तिथून खालच्या रानात शिरलं. आसपासच्या रानातली माणसं लग्नाला गेलेली. बघायला कुणी नव्हतं.

धाकट्या मामांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. कणसं पाण्यात लोळत होती. लगेच उचलून वाळवली तरी दाणा काळा पडला, काही कणसांना कोंब आले. कडबा तर जनावरं तोंड लावेनात असा झाला. वर्षाची भाकरी आणि वर्षाची वैरण, दोन्ही एकाच वेळी गेली.

हे सगळं मला आत्याच्या फोनवरून कळलं. मी कारखान्यात होते.

"लय पाणी गेलं गं माय. भावजीची सगळी जवारी भिजली."

"कशानं?"

"मोटार चालूच व्हती म्हणायलेत. पण म्या बंद केल्ती. म्हणजे तुझ्या फोननंच बंद केली. मी डोळ्यांनी वाचलं."

आता मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "आत्या, तू मिनिटं टाकायला विसरली असशील."

"न्हाई गं. चाळीस टाकले की."

"मग आकडा टाकून पुढचं बटण दाबलं नसशील. ॲप असं करूच शकत नाही. आमच्याकडं रोज चालतं."

ती म्हणाली, "बरं. माझंच कायतरी चुकलं असंल." आणि तिनं फोन ठेवला.

मी पुन्हा कामाला लागले. मनाला लागलं नाही असं नाही; पण लागलं ते मामांच्या ज्वारीचं. आत्याचं बोलणं खरं असू शकेल, हे मनात आलंच नाही. वय झालंय, लग्नाची घाई, चष्मा जवळ नसेल. माझ्याकडे तिच्या चुकीची कितीतरी कारणं तयार होती.

गावात मात्र गोष्ट वेगळ्याच दिशेनं गेली. मांडवातल्या बायकांनी तिला मोटार चालू करताना पाहिलं होतं. बंद झाल्याचं तिनं एकटीनं वाचलं होतं. "सगळ्यांदेखत बसून पाणी सोडलं," असं कुणीतरी म्हणालं, आणि जुना धुरा पुन्हा वर आला. धाकट्या मामी म्हणाल्या, "वरवर गोड बोलायच्या, पोटात तेच व्हतं." धाकटे मामा पहिले दोन-तीन दिवस भिजलेली कणसं वेचत राहिले. मग एके संध्याकाळी आत्याच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"वैनी, देवळात येऊन सांगा. तुमी बंद केल्ती म्हणून सांगा देवापुढं. मग माझं काहीच म्हणणं न्हाई."

आत्या त्यांच्याबरोबर पोखर्णीला गेली. नरसिंहाच्या पायरीवर हात ठेवून तिनं सांगितलं की मोटार बंद झाली होती, तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि तिच्या मनात काही वाईट नव्हतं. धाकटे मामा हात जोडून बाजूला उभे होते. येताना दोघं एकाच ऑटोत, दोन कडांना बसून आले.

मला हे आत्यानं सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी सांगितलं, रात्रीच्या जेवणाला बसल्यावर. वडील स्वभावानं शांत. भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाले, "अक्का आयुष्यात कधी शपथ घेत नव्हती. आमच्या लहानपणीसुद्धा न्हाई. तिला म्हटलं, कामून गेलीस? तर म्हणाली, पोरीलापण माझं खरं वाटलं न्हाई, मग बाकीच्यांना कसं वाटंल."

पोरीला म्हणजे मला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले ती थेट टेबलाशी. आमच्याकडे तपासणीसाठी एक पेटी ठेवलेली असते. तिला मोटारीऐवजी बल्ब जोडलेला. माझ्या फोनवर तेच मराठी ॲप, तेच शब्द. मिनिटं टाकली, बल्ब लागला, वेळ झाली, बल्ब विझला. पुन्हा केलं. पुन्हा विझला. मला जरा हायसंच वाटलं, हेही खोटं बोलत नाही. मग संक्रांतीचा दिवस आठवला. ते 'विमान मोड' आठवलं. माझ्या फोनवर ॲप मराठीत होतं, पण फोन इंग्रजीत होता. आमच्या सगळ्यांचेच फोन इंग्रजीत होते.

मी माझा फोन मराठी केला. घड्याळाचे आकडे बदलले. ॲप उघडलं, मिनिटं टाकली, बटण दाबलं. बल्ब लागला. फोनवर मिनिटं उलटी मोजली गेली आणि अक्षरं आली: 'मोटार बंद झाली आहे.'

बल्ब तसाच जळत होता.

माझे सहकारी चहा घेऊन आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय झालं हो?" मी फक्त बल्बाकडे बोट केलं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. फोनची भाषा बदलली की नुसते शब्द बदलत नाहीत. आकडे, तारखा, सगळी लिहिण्याची रीत बदलते. आमच्या धंद्यात त्याला लोकेल म्हणतात. माझं ॲप पेटीला पाठवायचा मेसेज तयार करताना फोनला सांगायचं, हा आकडा लिहून दे. इंग्रजी फोन इंग्रजी आकडा लिहायचा. आत्याचा फोन मराठी होता, त्यानं मराठी चाळीस लिहिले. मेसेजमध्ये एक जरी देवनागरी चिन्ह आलं की फोन सगळा मेसेजच युनिकोडमध्ये बदलून पाठवतो, प्रत्येक अक्षराच्या जागी एक क्रमांक. पेटीला पोचली ती नुसती क्रमांकांची माळ. संगणकावर मी ती पाहिली. शेवटचे चार आकडे होते शून्य, नऊ, सहा, सहा. युनिकोडमध्ये तो आपल्या मराठी शून्याचा क्रमांक. पेटीला त्यातलं काही कळलं नाही, म्हणून तिनं काहीच केलं नाही. चालू करायचा मेसेज वेगळा जायचा आणि त्यात आकडाच नव्हता, म्हणून तेवढा बरोबर पोचला.

एवढंच असतं तर चूक नकळत झाली असं म्हणता आलं असतं. पण 'मोटार बंद झाली आहे' हे वाक्य माझं होतं. मोटार खरंच बंद झाली का, हे पेटीला विचारून मग ते दाखवायला हवं होतं. मी विचारत नव्हते. मिनिटं संपली की दाखवून टाकत होते. पेटीचं उत्तर यायला कधी कधी वेळ लागतो, तोवर पडदा रिकामा दिसतो, बरा दिसत नाही. म्हणून मी ते तसं केलं होतं. आत्यानं डोळ्यांनी वाचलं ते वाक्य कशाच्याच आधारावर उभं नव्हतं.

आकड्यांची दुरुस्ती एका शब्दाची होती. फोनची भाषा कुठलीही असो, यंत्राला पाठवायचे आकडे साधे इंग्रजीच लिही, असं सांगणारा एक शब्द. तो लिहून झाल्यावर मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, "झालं ना दुरुस्त? नवीन ॲप पाठवून द्या सगळ्यांना. उगाच बोभाटा कशाला?" मी म्हटलं, ज्यांचे फोन मराठी असतील त्यांना निदान फोन करून सांगते. त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही, मी हो धरलं.

त्या फोनांमधला एक अजून कानात आहे. पाथरीकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "आमचं झालतं तसं एकदा. मोटार थांबंना. मग नातवानं फोन इंग्रजी करून दिला, तवापासून बरोबर चालायलंय."

"मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं बाई? आपली भाषा अशा ठिकाणी कुठं चालती. आमचीच चूक."

मी 'तुमची चूक नाही' म्हणाले. ते "बरं बरं" म्हणाले. त्यांना पटलेलं नव्हतं.

त्या रविवारी मी आत्याकडे गेले. ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. मला पाहून उठली, पाणी आणलं. माझ्यावर राग दिसला नाही. दिसला असता तर बरं झालं असतं. मी पाणी न पिताच सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. फोन मराठी केला तो मी, आकडा बिघडला तो माझ्यामुळं, बंद झाल्याचं वाक्य खोटं होतं तेही माझं.

"तू काहीच चुकली नाहीस, आत्या. तू बरोबर चाळीस टाकलेस. तू सांगत होतीस ते सगळं खरं होतं."

मला वाटलं होतं तिला सुटल्यासारखं वाटेल. ती शेंगांकडे बघत राहिली.

"म्हणजे मोटार बंद झालीच नव्हती?"

"नाही."

"आन् मी देवापुढं सांगितलं की झालती."

तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"मी खोटी शपथ घेतली गं."

"खोटी कशी? तुला जे दिसलं तेच तू सांगितलंस."

"दिसलं ते खोटं व्हतं की. देवाला काय सांगू, फोन खोटं बोलला म्हणून?" तिचा आवाज चढला नव्हता. "माझा हात पायरीवर व्हता. फोनचा न्हाई."

ती उठून आत गेली. चुलीपाशी नुसतीच उभी राहिली. मी दारात. माझ्या मनात होतं की मी एक जड ओझं उतरवायला आलेय. आणि मी तिच्या डोक्यावर दुसरं ठेवलं होतं. पहिलं गावानं ठेवलेलं होतं, ते तिला खोटं आहे हे माहीत होतं म्हणून पेलत होतं. हे तिला खरं वाटत होतं.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "मी धाकट्या मामांना सांगून येते."

"नगं. म्हणतील भाचीला शिकवून पाठवलं."

"मग मी दाखवते."

धाकटे मामा रानातच होते. भिजलेला कडबा एका कडेला ढीग करून ठेवला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. मी त्यांना विहिरीवर चला म्हटलं. आधी नको म्हणाले. "झालं ते झालं. आता बोलून काय जवारी परत यायची का?" पण मी तिथून हलेना तेव्हा खांद्यावरचा गमजा झटकून आले.

शेतातली लाईट होती. माझ्या फोनवर मी मुद्दाम जुनं ॲप ठेवलं होतं. आधी फोन इंग्रजीत ठेवून मोटार लावली, एक मिनिट टाकलं. मिनिटानं मोटार थांबली. मग त्यांच्यासमोर फोन मराठी केला. पुन्हा लावली. मिनिट संपलं, फोनवर अक्षरं आली. मी फोन त्यांच्या हातात दिला.

"वाचा, मामा."

त्यांनी हात लांब धरून वाचलं. "मोटार बंद झाली आहे." मागे पाइपातून पाणी धो धो हौदात पडत होतं. त्यांनी हौदाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, परत हौदाकडे. मग स्वतः जाऊन स्टार्टरचं लाल बटण दाबलं. सगळं शांत झालं.

"आकडा मराठी हाय म्हणून?"

"हो. आणि बंद झाली म्हणून खोटं सांगितलं ते माझ्या ॲपनं. चूक वाहिनींची नाही, आत्याची नाही. माझी."

घाईत मी आत्याला त्यांच्याच नात्यानं 'वहिनी' म्हणायला गेले, तेही धड जमलं नाही. ते हौदाच्या काठावर बसले.

"मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"वैनी असं करणार न्हाईत म्हणून. देवळात नेतानाच वाटत व्हतं. तरी नेलं म्या. घरात रोज बोलणं चालायचं, म्हटलं एकदाचं मिटू दे." त्यांनी गमज्यानं तोंड पुसलं. "दादा असते तर मला ह्या विहिरीत ढकललं असतं त्यांनी. विधवा बाईमाणसाला पायरीवर हात ठेवायला लावला."

मी म्हटलं, तुमचं नुकसान झालंय, तुम्हाला राग येणं साहजिक होतं. ते म्हणाले, "राग येगळा. मला ठाव असून केलं, त्याला काय म्हणायचं?" मग विचारलं, "मग ती शपथ कुणाकडं गेली आता?"

"माझ्याकडं," मी म्हणाले.

"आसं बोलू नये, पोरी." ते उठले. "चल."

ते सरळ आत्याच्या घरी आले. या वेळी आत आले, चुलीजवळ खाली बसले. आत्यानं पदर सावरला. दोघंही एकमेकांकडे बघेनात. शेवटी ते म्हणाले, "वैनी, चहा ठेवा." आत्यानं चहा ठेवला. ज्वारीचा, देवळाचा विषय कुणी काढला नाही. चहा पिताना त्यांनी तिच्या म्हशीचं विचारलं, तिनं त्यांच्या नातवाच्या खोकल्याचं. निघताना ते उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "गावात मी सांगतो."

सांगितलंही. चौकातल्या चहाच्या हॉटेलात बसून, येईल त्याला सांगितलं. पण गावात कुठली गोष्ट ज्या रूपात सांगितली त्या रूपात राहत नाही. लोकांनी त्यातलं सोपं तेवढं उचललं. "फोनला मराठी येत न्हाई म्हणं!" ही गावातली थट्टा झाली. कुणाचं काही बिघडलं, पंखा अडला, गाडी बंद पडली, की कुणीतरी म्हणायचं, "मराठीत सांगितलं असशील." आत्यावरचा आळ त्या हसण्यात विरून गेला. धाकट्या मामी मात्र बरेच दिवस मोजकंच बोलत. त्यांनी विकतची ज्वारी दळायला नेताना एकदा आत्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "थट्टा करायला काय, दाणा आमचा गेला." त्यात खोटं काही नव्हतं. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू शिकलेली हायस, तुझं काय जातंय. बस, जेवून जा." मी बसले आणि जेवले. ताट पुसून खाल्लं.

आत्या नंतर एकटी पोखर्णीला जाऊन आली. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाली. काय बोलून आली ते तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वडील म्हणाले, अक्का आता नरसिंहाचा शनिवार धरते, उपास करते. पूर्वी धरत नव्हती. माझ्या आईनं तिला समजावलं की नकळत झालेल्याला देव धरत नाही. त्यावर आत्या म्हणाली, "देव न्हाई धरत. पण मी धरलंय."

तिचा फोन तिनं शेजारच्या कुणाकडून तरी परत इंग्रजी करून घेतला. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा नवं ॲप दाखवलं. आता मोटार खरंच थांबल्याचं पेटीनं सांगितल्याशिवाय काहीच येत नाही. तोवर 'वाट बघा' एवढंच दिसतं. मी म्हटलं, "आता मराठी केलं तरी काही होणार नाही, आत्या. मी स्वतः तपासलंय. करू का?"

"नगं."

"अगं, खरंच."

"तू म्हणतीस तर खरंच असंल." तिनं फोन माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "पण राहू दे. मला आता त्या खुणा पाठ झाल्यात. हिरवं म्हणजे चालू, तांबडं म्हणजे बंद. वाचायचं कामच न्हाई." आणि तरीही हौद भरायचा असला की ती आता रानात चालत जाते, मोटार थांबेपर्यंत तिथंच थांबते. हे मला धाकट्या मामांनी सांगितलं.

मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा ती अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत होती. फोन वाजला, मेसेज आला होता. तिनं उचलून लांब धरून पाहिला आणि माझ्यापुढे केला.

"काय म्हणायलेत बघ बरं."

लाईटवाल्यांचा मेसेज होता, दुरुस्तीसाठी दुपारी लाईट जाणार असल्याचा, इंग्रजीत. मी तिला मराठीत सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.